झोपलेल्या घशाचा साक्षीदार

मागच्या वेळी आपण देवगिरीच्या यादवांचे राजे आणि त्यांच्या लढाया पाहिल्या. आज निघायचं देवगिरीवरूनच, पण पोचायचं आहे घोरण्यापर्यंत. हसू नका. विषय आहे माणसाचा घसा, आणि झोपेत तो बंद पडतो हे कळायला माणसाला इतका वेळ का लागला, हा. आमच्या नावामागे 'डॉक्टर' लागतं ते तत्त्वज्ञानाचं, तेव्हा व्याख्यान संपल्यावर औषध विचारायला येऊ नका. इतिहास मात्र जरूर विचारा.

सुरुवात आपल्या नेहमीच्या दुकानातूनच करू. भारतीय दर्शनांमध्ये झोपेवर एक जुना वाद आहे. सकाळी उठल्यावर माणूस म्हणतो, छान झोप लागली, काहीच कळलं नाही. अद्वैत वेदान्ती म्हणतात, ही आठवण आहे; आणि अनुभवाशिवाय आठवण होत नाही; म्हणजे गाढ झोपेतही कुणीतरी साक्षी जागा होता. नैयायिक म्हणतात, छे, ही आठवण नाहीच, हे अनुमान आहे. उठल्यावर अंग हलकं वाटतं, त्यावरून माणूस झोप चांगली झाल्याचं ठरवतो. हा वाद आम्ही वर्गात वर्षानुवर्षं शिकवला, आणि दोन्ही बाजूंनी शिकवला. पण या वादात एक माणूस कुणीच बोलावला नाही. शेजारी झोपलेला.

आता असा एक गृहस्थ घ्या, जो सांगतो की झोप मस्त लागते, उशीला डोकं टेकलं की डाराडूर. आणि त्याची बायको सांगते की ते घोरतात, घोरता घोरता एकदम गप्प होतात, आम्हाला वाटतं गेले, मग एकदम फुर्रकन् श्वास घेतात आणि पुन्हा सुरू. साक्ष कुणाची धरायची? त्या गृहस्थाचा श्वास रात्री दहा-दहा, वीस-वीस सेकंद बंद पडतो. आजार तीव्र असेल तर हे तासाला तीस किंवा त्याहून जास्त वेळा होतं. दर खेपेला मेंदू क्षणभर जागा होतो, घसा उघडतो, पुन्हा झोपतो. सकाळी यातलं काहीही आठवत नाही. वेदान्त्यांचा साक्षी इथे साक्ष द्यायला येत नाही. नैयायिकांची गाडी थोडी बरी चालते, कारण अंग जड, डोकं दुखतंय, दुपारी खुर्चीत डुलकी, यावरून अनुमान करता येतं. पण तेही करतो कोण? 'वय झालं' असं म्हणून आपण मोकळे होतो.

डॉक्टर लोक याला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. त्याचा जो सर्वांत जास्त आढळणारा प्रकार आहे, त्यात छाती श्वास घ्यायला धडपडत असते, फुप्फुसं ठीक असतात, पण वाट बंद असते. ही वाट म्हणजे घसा, तेव्हा घसा एकदा नीट पाहून घेऊ.

आपल्या मानेत पुढच्या बाजूला श्वासनलिका असते. हाताला लागते. तिच्यात कूर्चेची कडी आहेत, पूर्ण गोल नाहीत, मागून उघडी, नालासारखी. पाण्याच्या टँकरच्या पाइपमध्ये तारेचं वेटोळं असतं ना, तसा तो प्रकार. कितीही जोरानं हवा ओढली तरी ती नळी मिटत नाही. नाकाला तर हाडांचीच चौकट आहे. पण नाकाच्या मागून ते स्वरयंत्रापर्यंत जो मधला तुकडा आहे, साधारण बारा-तेरा सेंटीमीटरचा, त्याला अशी कडी नाहीत. मागे मणका आहे, पण पुढे आणि बाजूंना सगळं मऊ: वर मऊ टाळू, तिला लोंबणारी पडजीभ, बाजूला टॉन्सिलच्या गाठी, पुढे जिभेचा मागचा जाडजूड भाग. जीभ म्हटलं की आपल्याला दिसणारा शेंडा आठवतो. खरी जीभ मागे आणि खाली आहे, आणि तिला पुढे ओढून धरणारा मोठा स्नायू हनुवटीच्या आतल्या बाजूला बांधलेला आहे. खाली गळ्यात घोड्याच्या नालासारखं एक लहान हाड आहे, ते शरीरातल्या दुसऱ्या कुठल्याही हाडाला थेट सांधलेलं नाही, नुसतं स्नायूंवर टांगलेलं आहे.

म्हणजे हा तुकडा उघडा राहतो तो स्नायूंच्या जागेपणावर. आपण जागे असतो तेव्हा ते काम करतात, आपल्याला पत्ताही नसतो. झोप लागली की सैल पडतात. स्वप्नांच्या झोपेत तर फारच सैल. उताणं झोपलं की जीभ मागे कलते. वाट अरुंद झाली की हवा जोरानं जाते, टाळू आणि पडजीभ फडफडतात, त्याला आपण घोरणं म्हणतो. आणि वाट पुरती मिटली की आवाज बंद होतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, बरं का. घोरण्यापेक्षा घोरण्याच्या मधली शांतता जास्त वाईट.

निसर्गानं असा बेभरवशाचा तुकडा का ठेवला? कारण या एकाच वाटेनं घासही जातो, श्वासही जातो आणि शब्दही घडतो. डार्विननंसुद्धा नवल केलं होतं, की आपण गिळतो तो प्रत्येक घास श्वासनलिकेच्या तोंडावरून जातो. ठसका लागतो तो त्यामुळेच. तान्ह्या बाळाचं स्वरयंत्र वर असतं, पुढे ते खाली सरकतं, मागची पोकळी लांबते, आणि त्या लवचीक पोकळीत आपण अ, आ, इ, उ घडवतो. बोलण्यासाठी मिळालेली ही लवचीकता रात्री अंगाशी येते, असं काही अभ्यासक मानतात. आम्हाला हा विचार पटतो, पण तो सिद्ध झाला आहे असं म्हणणार नाही.

आता देवगिरी. इथून पंधरा किलोमीटरवरच्या त्या किल्ल्यात तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात सिंघण यादवाच्या दरबारी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. काम हिशेबखात्याचं, श्रीकरणाचं. त्यानं 'संगीतरत्नाकर' लिहिला, ज्याला आजही हिंदुस्थानी आणि कर्नाटक दोन्ही परंपरा मान देतात. गंमत अशी की संगीताचा हा ग्रंथ सुरुवातीलाच शरीरात शिरतो. गर्भ कसा घडतो, हाडं किती, शिरा किती, हे आधी. सा रे ग म नंतर. नाद कसा उठतो? आत्म्याला बोलावंसं वाटतं, तो मनाला हलवतो, मन देहातल्या अग्नीवर आघात करतं, अग्नी वायूला ढकलतो, आणि तो वायू नाभी, हृदय, कंठ, मस्तक अशा पायऱ्यांनी वर येतो. हृदयात मंद्र, कंठात मध्य, मस्तकात तार. पुढे आवाजाच्या जाती सांगताना तो कफ, पित्त, वात यांच्यावर त्या बसवतो. वैद्यक त्याला चांगलंच ठाऊक होतं.

त्याच देवगिरीत पुढच्या पिढीत हेमाद्री झाला. आपण त्याला हेमाडपंत म्हणतो आणि देवळांपुरता ओळखतो. तोही श्रीकरणाधिप, म्हणजे पुन्हा हिशेबखातंच. (हिशेबनिसांना शरीरशास्त्राची एवढी ओढ का असावी, यावर कुणीतरी पीएचडी करायला हरकत नाही.) त्यानं वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'वर 'आयुर्वेदरसायन' नावाची टीका लिहिली. मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यानं ती छापली, आजही वैद्यांच्या अभ्यासात आहे. वाग्भट झोपेला आहाराच्या बरोबरीनं शरीराचा आधार मानतो आणि तिच्यावर मोकळेपणानं लिहितो.

तर आपल्या या डोंगरावर, शंभर वर्षांच्या आत, एक माणूस गाणाऱ्या कंठावर लिहितो आणि दुसरा झोपेच्या शास्त्रावर टीका करतो. पण झोपलेल्या कंठाकडे कुणी पाहत नाही. कंठ दिवसा ऐकायचा, रात्री त्याची सुट्टी.

इथे आपले काही मित्र लगेच हात वर करतील, की सर, आयुर्वेदात सगळं होतं. थांबा, काय होतं ते नीट पाहू, कारण जे होतं ते खरंच थक्क करणारं आहे. सुश्रुतसंहितेत सूत्रस्थानाच्या पंधराव्या अध्यायात अति लठ्ठ माणसाला काय काय होतं याची यादी आहे. धाप, तहान, भूक, झोप, घाम, अंगाचा वास, आणि एक शब्द आहे 'क्रथन'. त्याचा अर्थ टीकाकारांनी श्वास अचानक अडणं असा लावला आहे. लठ्ठपणा, अतिझोप आणि श्वास अडणं, तिन्ही एका ओळीत! दुसरीकडे, त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात बाविसाव्या अध्यायात घशाची शस्त्रक्रिया आहे. गलशुंडी म्हणजे सुजून लांबलेली पडजीभ. ती चिमटीत धरून पुढे ओढायची आणि मंडलाग्र नावाच्या गोल टोकाच्या शस्त्रानं कापायची. किती कापायची याचं प्रमाण दिलं आहे. जास्त कापली तर रक्त वाहून रोगी मरेल. कमी कापली तर सूज, लाळ, चक्कर आणि झोप, म्हणजे गुंगी, येईल.

आता १९८१ साली अमेरिकेत फुजिता नावाच्या शल्यविशारदानं स्लीप अ‍ॅप्नियासाठी पडजीभ, मऊ टाळूचा काही भाग आणि टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. मोह होतो दोन टोकं जोडण्याचा. आम्ही ती जोडणार नाही. सुश्रुतानं पडजीभ कापली ती सुजेसाठी. क्रथन त्यानं मेदाच्या खाती टाकलं. एकाच पोथीत दोन पानं होती, आणि त्यांच्यामध्ये रात्र होती. लठ्ठ माणसाचा श्वास अडतो हे दिसलं, घशात मांस लोंबतं तेही दिसलं; पण अडतो तो तिथेच, हे पाहायला झोपलेल्या माणसाशेजारी दिवा घेऊन बसावं लागतं, नाहीतर अनुमान करावं लागतं. 'सगळं होतं' म्हटल्यानं सुश्रुताचा मान वाढत नाही. त्याच्या नजरेनं काय नेमकं टिपलं हे सांगितलं, की आपोआप वाढतो.

पुढची पायरीही आपल्याच राज्यातली आहे. आपलं म्हणजे निजामाचं. औरंगाबाद १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं हे तरुण मंडळींना सांगावं लागतं. १८८०च्या दशकात हैदराबादला एडवर्ड लॉरी नावाचा सर्जन होता, तिथल्या मेडिकल स्कूलचा प्रमुख. क्लोरोफॉर्म तेव्हा भूल देण्याचं मोठं औषध, आणि त्यानं अधूनमधून माणसं टेबलावरच मरत. का मरतात? लंडनचे लोक म्हणत, हृदय थांबतं, नाडीवर बोट ठेवा. लॉरी एडिंबरोत साइमच्या हाताखाली तयार झालेला. तो म्हणे, नाडी सोडा, श्वासाकडे पाहा. सहाव्या निजामानं, महबूब अली खान यांनी, पैसे दिले आणि १८८८ आणि १८८९ साली हैदराबादेत दोन क्लोरोफॉर्म कमिशन बसली. दुसऱ्या खेपेला 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं लंडनहून लॉडर ब्रंटन यांना पाठवलं, खर्च निजामाचा. शेकडो प्राण्यांवर प्रयोग झाले, बहुतेक कुत्री, काही माकडं. हे ऐकायला बरं वाटत नाही, पण झालं ते झालं. लॉरीच्याच शाळेत शिकलेल्या रूपाबाई फरदुनजी या पारशी बाई त्या काळात क्लोरोफॉर्म देण्याचं काम करत. भुलीच्या इतिहासात त्यांचं नाव आज आदरानं घेतलं जातं.

कमिशनचा मोठा निष्कर्ष असा, की क्लोरोफॉर्म आधी श्वास थांबवतं, हृदय नंतर. हा निष्कर्ष पुरता टिकला नाही. १९११ साली लेव्ही यांनी दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मच्या हलक्या भुलीत हृदय अचानक बंद पडू शकतं. पण कमिशनच्या व्यावहारिक सूचनांत एक आहे, ती आजही जशीच्या तशी शिकवली जाते. छाती आणि पोट उघडं ठेवा, श्वास डोळ्यांनी दिसला पाहिजे. श्वासाला अडथळा वाटला, तर खालचा जबडा मागच्या कोपऱ्यांत धरून पुढे ढकला, इतका की खालचे दात वरच्या दातांच्या पुढे यावेत. का? जीभ जबड्याला बांधलेली आहे. जबडा पुढे आला की जीभ पुढे येते आणि वाट मोकळी होते. ही युक्ती हैदराबादची नव्हे, युरोपात ती आधीच माहीत होती. पण हैदराबादच्या अहवालानं ती नियमाच्या भाषेत बसवली. आज स्लीप अ‍ॅप्नियाच्या काही रोग्यांना दाताचे डॉक्टर रात्री घालायची एक पट्टी बनवून देतात, ती खालचा जबडा काही मिलिमीटर पुढे धरते. तत्त्व तेच.

म्हणजे बेशुद्ध माणसाची जीभ मागे पडून घसा मिटतो, हे १८८९ साली हैदराबादेत लेखी होतं. मग झोपलेल्या माणसाचा मिटत असेल, हे का सुचलं नाही? कारण क्लोरोफॉर्म दिलेल्या माणसाशेजारी जबाबदार साक्षीदार उभा असतो, मेला तर त्याला विचारणार असतात. झोपलेल्या माणसाशेजारी घरचं माणूस असतं. त्याला कोण विचारतो? शिवाय घोरणं ही आपल्याकडे चेष्टेची गोष्ट. कुंभकर्ण म्हणायचं, उशी फेकायची, झालं.

युरोपातही तेच. डिकन्सनं १८३६-३७ मध्ये 'पिकविक पेपर्स'मध्ये जो नावाचा लठ्ठ पोरगा रंगवला, जो उभ्या उभ्या झोपतो आणि घोरतो. लोक सव्वाशे वर्षं हसले. १९५६ साली अमेरिकेत बर्वेल आणि सहकाऱ्यांनी एका लठ्ठ व्यावसायिकाची हकिकत छापली. गृहस्थ पत्ते खेळत होते, हातात तीन एक्के आणि दोन राजे आलेले, म्हणजे डाव खिशात. आणि त्यांना झोप लागली. डाव गेला म्हणून ते दवाखान्यात आले! त्या आजाराला डिकन्सच्या पुस्तकावरून 'पिकविकियन' नाव पडलं. पण तिथेही दोष दिला तो लठ्ठपणा आणि रक्तातल्या कर्बवायूला. घसा सुटला तो सुटलाच.

तो सापडला १९६५ मध्ये, फ्रान्समध्ये मार्सेयला गास्तो आणि सहकाऱ्यांना, आणि त्याच वर्षी जर्मनीत युंग आणि कूलो यांना. त्यांनी केलं काय? रोग्याला रात्रभर झोपवलं, डोक्याला मेंदूचे तरंग टिपणाऱ्या तारा लावल्या, आणि सोबत श्वासही नोंदवला. कागदावर दिसलं की नाकातोंडातून हवा जात नाही आणि छाती मात्र धडपडते आहे. दर वेळी श्वास सुटताना मेंदू जागा होतो. वेदान्त्यांना हवा होता तो साक्षी शेवटी कागदाच्या पट्टीवर शाई ओढणारी सुई निघाली. हे आम्ही थट्टेनं म्हणत नाही. झोपेबद्दल आपला स्वतःचा शब्द पुरावा म्हणून चालत नाही, हे तत्त्वज्ञानालाही नवं होतं.

उपाय तेव्हा एकच होता. गळ्याला छिद्र पाडून श्वास घशाच्या खालून घ्यायचा. अडलेला तुकडा टाळला की आजार गेला, म्हणजे जागा बरोबर सापडली होती याची तीही एक सिद्धताच. पण गळ्याला भोक घेऊन जगायला कोण तयार होईल? १९८० साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी कचरा ओढणाऱ्या व्हॅक्यूम क्लीनरची मोटर वापरून उलट हवा नाकात सोडली. नुसत्या हवेच्या दाबानं घसा आतून फुगून उघडा राहिला. हाडाचं काम हवेनं केलं. आज ज्याला सीपॅप म्हणतात ते मशीन याचंच वंशज.

आपल्याकडे हे कधी मोजलं गेलं? मुंबईत हिंदुजा रुग्णालयातले डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या तपासणीसाठी आलेले ३५ ते ६५ वयाचे पुरुष घेतले, म्हणजे आजारी म्हणून आलेले नव्हेत. ६५८ जणांनी प्रश्नावली भरली, २५० जणांची घरी झोपेची चाचणी झाली. झोपेत श्वास बिघडण्याचं प्रमाण १९.५ टक्के निघालं, आणि त्यासोबत दिवसा झोप येण्यासारखी लक्षणं असलेले ७.५ टक्के. वजन, मानेचा घेर आणि मधुमेह यांच्याशी त्याचा संबंध दिसला. पाचातला एक पुरुष! आपल्या शहरातून जालना रोडनं पहाटे निघणाऱ्या गाडीत चालकासकट पाच जण बसले, तर हा हिशेब मनात येतोच.

हा अभ्यास पुरुषांचा होता, हे मुद्दाम सांगतो. बायका घोरतात, पण सांगत नाहीत. बाई घोरते म्हणणं म्हणजे तिची बदनामीच जणू. १९९३ साली अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये ३० ते ६० वयाच्या नोकरदारांची चाचणी झाली, त्यात २४ टक्के पुरुषांचा आणि ९ टक्के बायकांचा श्वास रात्री तासाला पाच किंवा जास्त वेळा अडत होता. पाळी गेल्यावर बायकांचं प्रमाण वाढतं. आणि त्यांची लक्षणं बरेचदा घोरण्याची म्हणून पुढे येतच नाहीत. थकवा, सकाळची डोकेदुखी, झोपच लागत नाही, अशी येतात. त्यावर घरात लोह्याच्या गोळ्या सुचवल्या जातात.

जाता जाता एक शब्द. मराठीत घाटी म्हणजे गळ्याची घाटी. पोरगा वयात आला, आवाज बदलला, की घाटी फुटली म्हणतात. आणि आपल्या शहरात घाटी म्हणजे सरकारी दवाखाना. शार्ङ्गदेवाला हा योगायोग आवडला असता.

हल्ली शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञ एक छोटी प्रश्नावली भरून घेतात, ती तुमच्यापैकी अनेकांनी भरली असेल. घोरता का, दिवसा थकवा येतो का, रक्तदाब आहे का, मानेचा घेर किती. त्यात एक प्रश्न असा आहे: झोपेत तुमचा श्वास थांबलेला कुणी पाहिला आहे का? नवरे लोक हे उत्तर बायकोकडे बघून देतात. आमच्या वयाच्या कितीतरी बाया आता घरात एकट्याच झोपतात, आणि त्यांच्या कागदावर तो रकाना रिकामा राहतो.